पदार्थविज्ञान शिकून पुढे काय?

दरवर्षी बारावीचा निकाल लागला म्हणजे आमचे जुने विद्यार्थी व त्यांचे पालक सल्लामसलतीसाठी शाळेत येऊ लागतात. कोणास साताऱ्यास जावयाचे असते, कोणास पुण्यास. कोणी फीच्या विवंचनेत असतो, तर कोणी वसतिगृहाच्या. पण हे सारे प्रश्न ज्या एका प्रश्नाच्या पोटात सामावलेले असतात, तो प्रश्न म्हणजे, "हे शिकून पुढे काय?" प्रश्न सरळ आहे, आणि ज्याने घाम गाळून मुलांस शिकविले, त्याला तो विचारण्याचा पुरा अधिकारही आहे. तथापि हा प्रश्न आपण ज्या वेळी व ज्या रीतीने विचारतो, त्यात काही चूक तर होत नाही ना, याचा विचार वाचकांपुढे मांडावा असे गेले वर्षभर माझ्या मनात घोळत आहे. एका विद्यार्थिनीच्या निमित्ताने तो येथे मांडीत आहे. तिच्या संमतीने लिहीत असलो तरी तिचे नाव मुद्दाम देत नाही. कारण हा लेख तिच्या गौरवासाठी नव्हे, आपणा सर्वांच्या विचारासाठी आहे.

सुमारे तीन वर्षांपूर्वी लोणंदच्या कांदा बाजारात मापाडी म्हणून काम करणारे एक गृहस्थ आपल्या मुलीस घेऊन मजकडे आले. मुलगी आमच्याच शाळेतून दहावी झालेली. बाकावर बसताबसताच ते म्हणाले, "मास्तर, पोरगी बारावीला चांगली पास झाली. इंजिनेरिंगला घालावी म्हणतो, तर ही म्हणती मला फिजिक्सच घ्यायचंय. ते शिकून फुडं काय हुतं, ते तुम्हीच सांगा." मुलगी खाली मान घालून बसली होती. पण ती मान लाजेने खाली गेलेली नव्हती, निश्चयाने गेली होती, हे मला तिच्या पूर्वीच्या ओळखीमुळे कळत होते.

उत्तर देण्यापूर्वी मी क्षणभर थांबलो, आणि त्या थांबण्यास एक कारण होते. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी, मी या शाळेत नवीन असताना, असाच एक मुलगा मजकडे आला होता. त्याला पदार्थविज्ञानाची विलक्षण ओढ होती. मी त्यास म्हणालो, "बाळ, घरची स्थिती पाहा. डिप्लोमा कर आणि नोकरीस लाग." त्याने माझे ऐकले. आज तो शिरवळजवळच्या एका कारखान्यात चांगल्या पगारावर आहे. त्याचे सर्व कुशल आहे. मग माझे चुकले कोठे? चुकले ते एवढ्यातच, की त्याची ओढ खरी होती की वयाची हौस होती, हे त्यासही ठाऊक नव्हते व मलाही ठाऊक नव्हते. आणि ते तपासून पाहण्याची संधी देण्याआधीच मी निकाल देऊन मोकळा झालो. दोन वर्षांपूर्वी तो भेटला तेव्हा सहज म्हणाला, "सर, मला ते जमले असते का हो?" या प्रश्नाचे उत्तर मजपाशी नव्हते. आता ते कोणापाशीच असणार नाही.

म्हणून या वेळी मी त्या मापाडी गृहस्थांस निकाल दिला नाही. मी म्हणालो, "तिला बी.एस्सी.ला घाला. दोन वर्षे झाली की तिच्या आवडीची पारख करू."

आवडीची पारख कशी करावयाची, हाच या लेखाचा खरा विषय आहे. विद्यार्थी "मला पदार्थविज्ञान आवडते" असे म्हणतो, तेव्हा त्याच्या म्हणण्याचे तीन निरनिराळे अर्थ असू शकतात. एखाद्यास त्या विषयात गुण चांगले मिळतात, म्हणून तो आवडतो. एखाद्याने कृष्णविवरे, विश्वाची उत्पत्ती इत्यादिकांविषयी काही वाचलेले किंवा पाहिलेले असते आणि त्या अद्भुताने त्याचे मन भारून गेलेले असते. तिसरा असा असतो की, त्यास एखादी गोष्ट अशी का होते हे कळल्याखेरीज चैन पडत नाही, आणि ते कळावे म्हणून तो कंटाळवाणे कामही आनंदाने करतो. पहिल्या दोन आवडी वाईट नव्हेत. पण आयुष्य ज्यावर उभारावे अशी आवड ही तिसरीच होय. आणि ती वर्गात बसून ओळखता येत नाही; कारण वर्गातील प्रश्नाचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेले असते.

या मुलीत ती तिसरी आवड असावी, अशी शंका मला ती आठवीत असतानाच आली होती. प्रयोगाच्या तासास मी वस्तूंची वजने घ्यावयास सांगितली, तेव्हा ती उठून म्हणाली, "सर, आमचे आबा रोज सकाळी आधी रिकामा काटा बघतात. शून्य आल्याशिवाय कांदा ठेवू देत नाहीत. आपण तसे का करीत नाही?" मी वरमलो. जुन्या तराजूची दोन्ही पारडी रिकामी असता जो फरक दिसतो, त्यास आपल्याकडे पासंग म्हणतात. बाजारातला प्रामाणिक माणूस पासंग काढल्यावाचून माल मोजीत नाही. आणि पदवीधर शिक्षक मात्र तो काढावयाचा विसरला होता. मापनशास्त्राचा पहिला धडा त्या दिवशी माझ्या वर्गास बाजारसमितीच्या आवारातून मिळाला.

आता उन्हाळी संशोधनाविषयी दोन शब्द सांगावयास हवेत, कारण आपल्या भागातील पुष्कळ पालकांस व काही शिक्षकांसही त्याची माहिती नसते. पदवीच्या विद्यार्थ्याने सुट्टीचे सहा-आठ आठवडे एखाद्या संशोधन संस्थेत जाऊन, एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली, ज्याचे उत्तर आधी कोणी लिहून ठेवलेले नाही अशा एका लहानशा प्रश्नावर काम करावयाचे, यास उन्हाळी संशोधन म्हणतात. या बाबतीत महाराष्ट्र भाग्यवान आहे. मुंबईस कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. होमी भाभा यांनी ती १९४५ साली स्थापिली, आणि तेथे सुट्टीत बाहेरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांस घेतात. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच एक राष्ट्रीय उपक्रम चालविला. पुण्यास १९८८ साली स्थापन झालेली 'आयुका' आहे, राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे, आणि २००६ पासून 'आयसर' आहे. यांखेरीज देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी शिष्यवृत्त्या देतात. त्या विद्यार्थ्यांसाठी असतात, तशाच शिक्षकांसाठीही असतात, हे माझ्या व्यवसायबंधूंनी ध्यानात ठेवावे. निवड झालेल्या विद्यार्थ्यास बहुधा विद्यावेतन मिळते. मात्र या कामांसाठी अर्ज उन्हाळ्याच्या कितीतरी आधी, पुष्कळदा हिवाळ्यातच, मागविले जातात. आपल्याकडील विद्यार्थी मागे पडतो तो बहुतेक वेळा बुद्धीत नव्हे, तारखेत.

आमच्या विद्यार्थिनीने दुसऱ्या वर्षी दिवाळीपासून असे चार ठिकाणी अर्ज केले. तीन ठिकाणांहून नकार आला. चौथ्या ठिकाणाहून, म्हणजे पुण्यातील एका संस्थेकडून, होकार आला. आणि घरी पेच उभा राहिला. एप्रिल-मे म्हणजे गरव्या कांद्याचा हंगाम. आई कांदा निवडण्याच्या कामावर जाते, बाप दिवसभर काट्यापाशी, धाकटा भाऊ लहान. घर सांभाळून मुलगीही आईबरोबर रोजावर जाई, आणि पुढील वर्षाच्या फीचा काही भाग त्यातून उभा राही. विद्यावेतनातून पुण्याचा खर्च कसाबसा निघाला असता. घरच्या रोजाची भरपाई झाली नसती. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोन महिने जाऊ दे. पर मला एवढंच सांगा, दोन महिन्यांनी काय कळंल?" मी म्हणालो, "हे काम तिचे आहे की नाही, ते कळेल." ते म्हणाले, "नाही असं कळलं तर?" मी म्हणालो, "तर पुढची दहा वर्षे वाचतील." हा हिशेब त्यांस पटला.

त्या दोन महिन्यांत तिने काय केले, ते थोडक्यात सांगतो. विश्वात सर्वाधिक आढळणारा वायू म्हणजे हायड्रोजन, ज्यास आपल्या जुन्या पुस्तकांत उज्जवायू म्हणत. त्याच्या थंड अणूतून २१ सेंटिमीटर लांबीची एक अत्यंत क्षीण रेडिओलहर बाहेर पडते. एकटा सुटा अणू अशी लहर टाकावयास सरासरी १ कोटी वर्षांहून अधिक काळ घेतो. पण आकाशगंगेत असे अणू इतके अगणित आहेत की ती लहर सतत आपल्यापर्यंत येत असते. ती असावी असे १९४४ साली हॉलंडच्या व्हॅन डी हुल्स्ट यांनी गणिताने सांगितले, आणि १९५१ साली अमेरिकेत हार्वर्ड येथे यूएन नावाच्या विद्यार्थ्याने आपले गुरू पर्सेल यांच्यासह, प्रयोगशाळेच्या खिडकीतून बाहेर काढलेल्या एका कर्ण्याने, ती प्रथम टिपली. तसाच एक कर्णा आमच्या विद्यार्थिनीने पुठ्ठा व ॲल्युमिनियमचा पत्रा यांपासून केला, त्यास एक वर्धक व संगणकास जोडावयाचा लहानसा रेडिओ लावला, आणि गच्चीवर रात्री जागविल्या.

पहिले तीन आठवडे खरखरीखेरीज काही हाती आले नाही. चौथ्या आठवड्यात एके रात्री आलेखावर जेथे हवी तेथेच एक उंच टोकदार रेघ दिसली. आनंदाने तिने मध्यरात्री घरी फोन केला. दुसऱ्या दिवशी मार्गदर्शकांनी आलेख पाहिला व एवढेच विचारले, "कर्णा जमिनीकडे वळवून पाहिलास का?" तिने तो वळविला. रेघ तशीच होती! आकाशातून येणारी लहर जमिनीतून कशी येईल? शोध घेता ती रेघ शेजारी ठेवलेल्या संगणकाच्या चार्जरची निघाली. त्या रात्री तिने पुन्हा फोन करून वडिलांस सारे सांगितले, तेव्हा ते हसून म्हणाले, "पासंग काढल्याबिगर माल मोजलास व्हय?" हे वाक्य तिने आपल्या प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे; ते मी स्वतः पाहिले आहे.

शेवटच्या आठवड्यात, चार्जर दूर नेल्यावर व सर्व जोड पुन्हा तपासल्यावर, मध्यरात्रीनंतर आकाशगंगा वर आली तेव्हा आलेखावर एक पसरट उंचवटा दिसू लागला. कर्णा जमिनीकडे वळविला की तो जाई, आकाशगंगेकडे वळविला की येई. शिवाय तो नेमक्या जागी नव्हता. किंचित सरकलेला होता. लोणंद स्थानकावरून न थांबता जाणाऱ्या गाडीची शिटी येताना चढी व जाताना उतरती ऐकू येते, हे आपणांपैकी प्रत्येकाने अनुभविले आहे. १८४५ साली हॉलंडमध्ये धावत्या आगगाडीवर तुतारीवादक बसवून हाच नियम तपासला गेला होता. त्यास डॉप्लरचा नियम म्हणतात. वायू आपणांकडे दर सेकंदास १ किलोमीटर वेगाने येत असेल, तर या लहरीच्या दर सेकंदाच्या सुमारे १४२ कोटी कंपनांत सुमारे ४,७०० कंपनांची भर पडते. उंचवटा किती सरकला यावरून त्या मुलीने आकाशगंगेच्या एका भागातील वायूचा वेग काढला. हा वेग जगास पूर्वीच ठाऊक होता. तिने नवा शोध लावला असे कोणी समजू नये. परंतु तिच्या पुठ्ठ्याच्या कर्ण्यातून, तिच्या चुका वजा जाता, तो किती अचूक मिळतो, हे मात्र कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते. ते तिने स्वतः काढले.

येथे कोणी म्हणेल, "यात विशेष ते काय?" विशेष आहे ते पहिल्या चार आठवड्यांत. तीन आठवडे काहीच न मिळता, चौथ्यात मिळाले ते खोटे ठरून, पाचव्यात पुन्हा कामास लागावेसे जिला वाटते, तिची आवड खरी आहे, असे आता खात्रीने म्हणता येते. तिच्याबरोबर आणखी एक विद्यार्थी होता. त्याचे काम तिच्याहून चांगले झाले, तरी महिनाअखेर त्याने ठरविले की हे जीवन आपले नव्हे. आणि तो आता शिक्षक होण्याच्या तयारीत आहे. माझ्या मते दोघांचाही उन्हाळा सारखाच सार्थकी लागला. ज्या प्रयोगाचे उत्तर 'नाही' असे येते, तो प्रयोग फसला असे शास्त्रज्ञ म्हणत नाहीत. मग आपण तरी का म्हणावे?

या बाबतीत थोरांची उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. १९२८ च्या फेब्रुवारीत रामन यांनी आपला सुप्रसिद्ध शोध लावला, आणि त्याच उन्हाळ्यात मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील त्यांचा सतरा वर्षांचा पुतण्या कलकत्त्यास त्यांच्या प्रयोगशाळेत राहावयास गेला. तो पदवीचाच विद्यार्थी होता. ताऱ्यांच्या अंतरंगाविषयीचा त्याचा पहिला निबंध त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. वडील रेल्वेच्या हिशेब खात्यातील अधिकारी, मुलाने आय.सी.एस. व्हावे, ही त्यांची इच्छा. आईने मात्र त्याच्या ओढीस पाठबळ दिले. १९३० च्या जुलैअखेर हा तरुण मुंबई बंदरातून विलायतेस निघाला, आणि त्या प्रवासात बोटीवर बसून त्याने जे गणित मांडले, त्यातून मृत ताऱ्याच्या वस्तुमानास एक मर्यादा असते, हे निघाले. ते सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर. त्यांस १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बोटीवरील गणितापासून पारितोषिकापर्यंत ५३ वर्षे गेली, हे मात्र उदाहरण देणाऱ्याने सांगावयास विसरू नये.

दुसरे उदाहरण मुलींच्या पालकांसाठी. कमला भागवत, पुढे कमला सोहोनी, या १९३३ साली मुंबई विद्यापीठातून रसायन व पदार्थविज्ञान हे विषय घेऊन पदवीधर झाल्या व बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी गेल्या. स्त्री म्हणून त्यांस प्रवेश नाकारण्यात आला. आणि नाकारणारे होते स्वतः रामन. कमलाबाईंनी तेथेच सत्याग्रह आरंभिला. अखेर एक वर्ष पारखून पाहण्याच्या अटीवर त्यांस घेतले गेले. त्या पारखीत त्या उतरल्या, १९३९ साली केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या, आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. पारखून पाहण्याची अट अन्यायाची होती, कारण ती पुरुषांस लागू नव्हती. पण संधी मिळताच काम स्वतः बोलते, हे त्यातून सिद्ध झाले.

तिसरे उदाहरण आपल्या अगदी शेजारचे. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या कुरुंदवाड गावी १९५६ साली जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी १९८२ साली अमेरिकेत विद्यार्थीच होते, तेव्हा त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह सेकंदास ६४२ वेळा स्वतःभोवती फिरणारा तारा शोधला. इतक्या वेगाने फिरणारा तारा त्यापूर्वी कोणीच पाहिला नव्हता. २०२४ साली त्यांस खगोलशास्त्राचे शॉ पारितोषिक मिळाले. कुरुंदवाड व लोणंद यांत अंतर ते कितीसे?

परंतु थोरांची नावे सांगून पालकांस भुलविणे मला योग्य वाटत नाही. म्हणून आता व्यवहाराची बाजू स्पष्टपणे सांगतो. बी.एस्सी.नंतर एम.एस्सी.ची दोन वर्षे. चांगल्या संस्थेत जावयाचे तर त्यासाठी अखिल भारतीय प्रवेशपरीक्षा. त्यानंतर पीएच.डी.ची पाच किंवा अधिक वर्षे. त्या काळात राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून निवडलेल्या कनिष्ठ संशोधकास २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये विद्यावेतन ठरलेले आहे. म्हणजे पोट भरते. पण घर बांधून होत नाही. पुढेही कायम जागा थोड्या, इच्छुक फार, आणि हमी कोणीच देत नाही. वयाची तिशी आली तरी मुलगा "अजून शिकतोच आहे" असे शेजारी म्हणतील. हे सोसण्याची तयारी घरातील सर्वांची असेल, तरच या वाटेस लागावे.

त्याचबरोबर हेही खरे की, ही वाट एकाच घराकडे जात नाही. अणुऊर्जा खात्याची प्रशिक्षणशाळा १९५७ पासून एम.एस्सी. झालेल्या पदार्थवैज्ञानिकांस घेत आली आहे. कर्करोगाच्या रुग्णालयांत किरणोपचाराची मात्रा मोजून देणारे तज्ज्ञ मूळचे पदार्थविज्ञानाचेच पदवीधर असतात. हवामानखाते, अवकाशसंशोधन, उपकरणे तयार करणारे कारखाने, आकड्यांचे विश्लेषण करणाऱ्या कंपन्या, येथेही या विद्येस मागणी आहे. आणि ज्याच्याकडे फारच थोडे लक्ष देतात असा एक व्यवसाय म्हणजे आमचा, शिक्षकाचा. ज्याने स्वतः एकदा तरी खरा प्रयोग केला आहे, असा शिक्षक खेड्यातील शाळेस मिळणे, याहून मोठे दान त्या गावास क्वचितच मिळेल. मी स्वतः असा उन्हाळा कधी अनुभविला नाही. म्हणूनच त्या आठवीच्या मुलीपुढे मला वरमावे लागले.

तेव्हा पालकांस माझी विनंती अशी की, "पुढे काय?" हा प्रश्न जरूर विचारावा, पण तो मुलाने एकदा काम करून पाहिल्यानंतर विचारावा. त्याआधी विचारलेल्या प्रश्नास मूल जे उत्तर देते, ते त्याचे नसते. कोणाचे तरी ऐकलेले असते. एका उन्हाळ्याचा खर्च हा घरावर खरोखर भार आहे, हे मी जाणतो. ज्या घरी रोजावर चूल पेटते, तेथे दोन महिने म्हणजे थोडी गोष्ट नव्हे. पण लग्नकार्यास कर्ज काढणारे आपण लोक, मुलाच्या साऱ्या आयुष्याची दिशा तपासण्यासाठी दोन महिने देऊ शकत नाही, असे सर्वांनाच म्हणता येणार नाही.

विद्यार्थ्यांस सांगणे असे की, उन्हाळी संशोधनाची वाट पदवीपर्यंत पाहत बसू नका. नारायणगावजवळ खोडद व त्याच्या परिसरात तीस महाकाय रेडिओ दुर्बिणी आहेत. प्रत्येकीची तबकडी ४५ मीटर व्यासाची. डॉ. गोविंद स्वरूप यांनी त्या आपल्याच देशातील माणसांकडून बांधून घेतल्या. तेथे राष्ट्रीय विज्ञानदिनी, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, प्रदर्शन भरत आले आहे, आणि खेड्यापाड्यांतील शाळांची मुले आपले प्रयोग तेथे मांडतात. आपल्या शाळेचाही एक प्रयोग तेथे असावा. कोल्हापुरास जन्मलेले व २०२५ साली दिवंगत झालेले डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांस सांगत की, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा; उत्तराखाली सही मिळेल. ज्या मुलास विचारावयास प्रश्न नसे, त्यास सही नसे. नारळीकर आज नाहीत, पण पोस्टकार्ड आहे, आणि तुमच्या गावात न मोजलेल्या गोष्टीही पुष्कळ आहेत. वखारीत कांदा दर आठवड्यास किती वजन गमावतो? नीरेचे पाणी सकाळी व दुपारी किती तापते? पुलावरून जाणाऱ्या गाडीच्या शिटीवरून तिचा वेग काढता येईल काय? एक प्रश्न घ्या, एक वही घ्या, आणि महिनाभर रोज एकाच वेळी मोजा. पंधराव्या दिवशी कंटाळा येईल. सोळाव्या दिवशी तुम्ही वही उघडता की नाही, ते पाहा. तुमच्या आवडीविषयी त्या दिवशी जे कळेल, ते मी वर्षभर शिकवूनही कळणार नाही.

आमची विद्यार्थिनी आता पदवीच्या शेवटच्या वर्षास आहे. एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेस ती बसली आहे. निकाल काय लागेल ते सांगता येत नाही. तिला रेडिओ दुर्बिणींची ग्राहकयंत्रे तयार करण्याचे काम करावयाचे आहे. ते न साधल्यास रुग्णालयातील किरणमापनाचे. दोन्ही कामांत मोजमापच आहे, असे ती म्हणते. गेल्या आठवड्यात आबा बाजारात भेटले. मी विचारले, "काय, फुडं काय?" ते म्हणाले, "ते तिचं तिला कळायला लागलंय मास्तर. आता धाकट्याचं बघा."

धाकटा यंदा आमच्याकडे नववीत आहे. त्याच्यासारख्या ज्या कोणास एखादा प्रश्न मोजून पाहावयाचा असेल, त्याने शनिवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत यावे. आणि जे जुने विद्यार्थी महाविद्यालयांत आहेत, त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत अर्जाचे कागद घेऊन यावे. अर्ज लिहिण्यास मी मदत करीन. काटा मात्र ज्याचा त्याने रिकामा करून पाहावयाचा आहे.